घरच्या लॅपटॉपवर सर्व्हर केलाय, पोर्ट उघडूनही साइट बाहेरून दिसत नाही

धायरीफाटा

नमस्कार मंडळी. वेब डेव्हलपमेंट शिकतोय आणि सरावासाठी सोसायटीच्या वाचनालयाची साइट करायला घेतली आहे. पुस्तकांची यादी, शोध, कोणतं पुस्तक कोणाकडे गेलंय याची नोंद आणि मुखपृष्ठाचा फोटो चढवायची सोय, एवढाच पसारा. पुढची बाजू रिॲक्टमध्ये, मागे नोड आणि एक्सप्रेस, डेटाबेस पोस्टग्रेस, सगळ्यांच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर.

सर्व्हर म्हणून घरातला जुना लॅपटॉप वापरतोय: सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, त्यावर उबुंटू सर्व्हर २४.०४. इंटरनेट फायबरचं आहे. भिंतीवर कंपनीचं ओएनटी (फायबरची तार येते ती पेटी), त्याला जोडलेला माझा राउटर. राउटरमध्ये ८० आणि ४४३ ही पोर्ट लॅपटॉपकडे वळवली आहेत. घरातल्या वायफायवरून साइट छान उघडते, मोबाइल डेटावरून मात्र नुसतं फिरत राहतं आणि टाइमआउट होतं.

राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) १००.७२ ने सुरू होणारा दिसतो. ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवर वेगळाच दिसतो. हे असं का?

आणखी तीन शंका. गुरुवारी लाइट जाते तेव्हा काय करायचं? डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या बंदिस्त कंटेनरांत चालवायची सोय) शिकून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये असं वाचलं, ते खरं का? आणि हे सगळं करण्यापेक्षा महिन्याच्या भाड्याने व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर) घेतलेला बरा का?

मुठाकाठ

उत्तर तुमच्या वॅन आयपीतच आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते सीजीनॅटसाठी (एकच जाहीर पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देण्याच्या पद्धतीसाठी) राखून ठेवलेले आहेत. २०१२ साली आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने हा पट्टा ठरवून दिला. म्हणजे तुमचं आणि इतर बऱ्याच ग्राहकांचं कनेक्शन कंपनीच्या एका मोठ्या नॅटमागे आहे आणि बाहेरच्या साइटला दिसतो तो पत्ता तुम्हा सगळ्यांचा सामाईक. बाहेरून ४४३ वर आलेली विनंती कंपनीच्या त्या उपकरणापाशीच संपते. ती कोणाच्या घरी पाठवायची हे त्याला माहीतच नसतं. तुमच्या राउटरमधली सेटिंग बरोबर आहेत, पण तिथपर्यंत काही पोचतच नाही.

हाच धागा पुढे कोणी शोधत आला तर त्याच्यासाठी: वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर तो सीजीनॅट नसून बहुधा घरातलाच दुहेरी नॅट असतो. ओएनटी स्वतःच राउटरचं काम करत असतं आणि तुमचा राउटर त्याच्यामागे. ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या किंवा दोन्हीकडे पोर्ट वळवा. वॅन आयपी १० ने सुरू होत असेल तर कंपनीचाच नॅट समजा. वॅन आयपी आणि बाहेर दिसणारा आयपी तंतोतंत सारखे असतील तरच पोर्ट फॉरवर्डिंगला अर्थ आहे. तपासणी नेहमी मोबाइल डेटावरूनच करायची. घरातल्या वायफायवरून स्वतःचा बाहेरचा पत्ता उघडला तर बऱ्याच राउटरांना तो उलटा वळवता येत नाही, आणि चालू असलेली साइटही बंद वाटते.

वाटा तीन आहेत.

कंपनीकडे स्थिर आयपी मागा. बहुतेक ठिकाणी जादा पैसे भरून मिळतो. शिकण्यापुरता हा खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत.

दुसरी वाट आयपीव्ही-६. कनेक्शनवर ते मिळत असेल तर लॅपटॉपला स्वतःचा जाहीर पत्ता असतो, नॅटचा प्रश्नच येत नाही. राउटरच्या आयपीव्ही-६ फायरवॉलमध्ये तेवढं पोर्ट उघडावं लागतं. पण पाहणाऱ्याकडे आयपीव्ही-६ नसेल तर त्याला साइट दिसणार नाही. सोसायटीतल्या साठ घरांत दहा प्रकारची कनेक्शन असणार, त्यामुळे एवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही.

तिसरी वाट टनेल, आणि तुमच्यासाठी हीच योग्य. लॅपटॉपवरचा छोटा प्रोग्राम स्वतःहून बाहेर जोडणी करतो आणि ती उघडी ठेवतो. विनंत्या त्याच जोडणीतून उलट्या आत येतात. जोडणी आतून बाहेर जाणारी असल्याने सीजीनॅट आडवा येत नाही आणि राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावं लागत नाही. क्लाउडफ्लेअर टनेल घेतलात तर क्रम असा:

१. एक डोमेन घ्या आणि त्याचे नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअरकडे वळवा. बदल पोचायला काही तास धरा. नुसतं चाखून बघायचं असेल तर डोमेन आणि खातं दोन्ही नसताना तात्पुरता पत्ता देणारा क्विक टनेलही आहे. तो पत्ता दर वेळी बदलतो.
२. त्यांच्या डॅशबोर्डवर टनेल तयार करा. तिथे एक लांबलचक टोकन मिळतं. क्लाउडफ्लेअरडी हा त्यांचा प्रोग्राम लॅपटॉपवर बसवून त्या टोकननिशी सर्व्हिस म्हणून नोंदवा. हे टोकन पासवर्डइतकंच जपायचं, गिटमध्ये जाता कामा नये.
३. सार्वजनिक होस्टनेममध्ये तुमचं उपडोमेन आणि सेवा म्हणून एचटीटीपी, १२७.०.०.१, पोर्ट ८० द्या. तिथे तुमचं एनजिनएक्स ऐकत असेल.
४. टनेल सुरू झाल्यावर राउटरमधली दोन्ही पोर्ट फॉरवर्डिंग काढून टाका. हे लोक हमखास विसरतात.

टनेल लागत नसेल तर बाहेर जाणारं पोर्ट ७८४४ अडलंय का ते बघा. आधी यूडीपीवर प्रयत्न होतो. ते अडत असेल तर सेटिंगमध्ये प्रोटोकॉल एचटीटीपी-२ करा, मग टीसीपीवरून जातं.

यात एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट त्यांच्या टोकाला असतं, त्यामुळे लेट्स एन्क्रिप्टची गरज नाही. पण त्याचाच अर्थ असा की साइटवरची वाहतूक त्यांच्याकडे उलगडली जाते. हे माहीत असून निर्णय घ्यावा.

एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॅपटॉपवर कमांड चालवायची सोय) मात्र या रस्त्याने जगाला दाखवू नका. बाहेरून लॅपटॉपवर काम करायचं तर दोन्ही मशीनवर टेलस्केल (खाजगी नेटवर्क जोडणारा प्रोग्राम) घाला. तोही १००.६४ च्याच पट्ट्यातले पत्ते वापरतो, तेव्हा टेलस्केलचा पत्ता पाहून तो वॅन आयपी समजू नका. आणि एसएसएचवर पासवर्ड बंद करून फक्त की ठेवताना उबुंटूतली एक खाच लक्षात ठेवा: मुख्य फाइलमध्ये तुम्ही पासवर्ड ‘नो’ केलात तरी शेजारच्या एसएसएचडी-कॉन्फिग-डी फोल्डरमध्ये ‘५०-क्लाउड-इनिट’ नावाची फाइल असेल आणि तिच्यात ‘यस’ असेल तर तेच लागू होतं, कारण जी ओळ आधी वाचली जाते तीच धरली जाते. एसएसएचडीला मोठा टी लावून चालवलं की प्रत्यक्षात लागू असलेली सगळी सेटिंग दिसतात. त्यावरच विश्वास ठेवा. बदल करताना दुसरं टर्मिनल जोडलेलं राहू द्या.

रात्रपाळी

लाइटचं मी सांगतो.

लॅपटॉप असणं ही जमेची बाजू आहे, बॅटरी हाच त्याचा यूपीएस. झाकण मिटून ठेवायचं असेल तर लॉगिनडी-कॉन्फमध्ये हँडल-लिड-स्विच ‘इग्नोर’ करा, नाहीतर झाकण लावताच मशीन झोपतं. स्क्रीन बंद असलेला असा लॅपटॉप काही काम नसताना साधारण ८ ते १० वॉट खातो. १० वॉट धरले तर महिन्याला ७.२ युनिट. जुना डेस्कटॉप ६० वॉटचा धरला तर ४३.२ युनिट होतात, म्हणून ‘घरात पडलाय तर वापरू’ हा डेस्कटॉपचा हिशेब वीजबिलात चुकतो.

पण बॅटरी कायम १०० टक्क्यांवर आणि गरम राहिली की फुगते. बॅटरीच्या सिस फोल्डरमध्ये ‘चार्ज कंट्रोल एंड थ्रेशोल्ड’ नावाची फाइल असेल तर तिच्यात ६० लिहा. थिंकपॅडमध्ये ती असते, इतर काही कंपन्यांच्या लॅपटॉपांतही असते. काही मशीनवर रीस्टार्टनंतर हा आकडा विसरला जातो, तेव्हा तो लिहिणारी छोटी सिस्टमडी (उबुंटूत सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) सर्व्हिस करून ठेवा. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा खालच्या पत्र्याला फट पडली तर मशीन तिथल्या तिथे बंद करून बॅटरी काढा. ती दाबायची नाही, टोचायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची.

हिशेब: ४५ वॉट-तासांची बॅटरी ६० टक्क्यांवर म्हणजे २७ वॉट-तास, १० वॉटला अडीच तासांच्या आसपास. बॅटरी जुनी असेल तर निम्मं धरा. देखभालीसाठी गुरुवारी लाइट गेली तर ती याहून जास्त वेळ जाऊ शकते. म्हणून दर दोन मिनिटांनी बॅटरी बघणारा टायमर लावा: चार्जिंग बंद आणि २० टक्क्यांखाली, तर रीतसर पॉवरऑफ. पुन्हा आपोआप सुरू व्हायला बायोसमध्ये सोय लागते. डेलमध्ये ‘वेक ऑन एसी’, थिंकपॅडमध्ये ‘पॉवर ऑन विथ एसी अटॅच’ अशा नावाने बघा. तुमच्यात नसेल तर लाइट आल्यावर बटण दाबायला माणूस लागणार.

सर्व्हर चालू आणि राउटर बंद, याचा उपयोग शून्य. ओएनटी आणि राउटर दोन्ही बहुधा १२ व्होल्टचे असतात. दोन आउटपुटचा मिनी यूपीएस पुरतो. घेण्याआधी दोन्ही ॲडॉप्टरांवरचा ॲम्पियर आकडा वाचा आणि बेरीज यूपीएसच्या क्षमतेत बसते का बघा. पिन बघायला विसरू नका: ५.५ × २.१ मिमी आणि ५.५ × २.५ मिमी या दोन्ही पिना डोळ्यांना सारख्याच दिसतात. २.५ चा प्लग २.१ च्या पिनेवर बसतो पण सैल. मग झाडताना धक्का लागला की राउटर रीस्टार्ट, आणि माणूस सर्व्हरचे लॉग चाळत बसतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) जाणार असाल तर राउटरचा मूळ ॲडॉप्टर बरोबर न्या आणि दुकानातच पोलॅरिटी मल्टिमीटरवर बघून घ्या.

एवढं करूनही बिल्डिंगमधल्या केबलवाल्याच्या स्विचला बॅकअप नसेल तर नेट जाणारच. त्यावर तुमच्या हातात काही नाही. गच्चीवरच्या स्विचवरून तांब्याची लॅन केबल घरात येत असेल (फायबर नसेल) तर वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला की ती काढून ठेवा. फायबरमधून सर्ज येत नाही, तांब्यातून येतो आणि राउटरचं पोर्ट जळतं.

लॅपटॉप माळ्यावर किंवा बंद कपाटात नको. एप्रिल-मे मध्ये पुण्यात पारा ४० च्या घरात जातो, माळ्यावर त्याहून जास्त. आणि राउटरला केबलनेच जोडा, आयपी राउटरमध्ये राखीव करून.

जाता जाता: उबुंटूच्या इन्स्टॉलरने एलव्हीएम (डिस्कचे विभाग करायची पद्धत) निवडलं असेल तर २५६ जीबीच्या डिस्कवर मुख्य विभाग फक्त १०० जीबीचा केलेला असतो, बाकीची जागा मोकळी पडून असते. डीएफ ही कमांड चालवून बघा. एलव्ही-एक्स्टेंडने उरलेली १०० टक्के मोकळी जागा जोडायची, मग रीसाइझ-टू-एफएस. चालू मशीनवर होतं.

धायरीफाटा

@मुठाकाठ, टनेल लागला, मोबाइल डेटावरून साइट दिसली. पोर्ट काढून टाकली. @रात्रपाळी, डीएफमध्ये खरंच ९८ जीबीच दिसत होते, आता पूर्ण डिस्क दिसतेय.

आता पुढच्या अडचणी.

क) लॅपटॉप रीस्टार्ट झाला की साइटवर ५०२ (मागचं ॲप उत्तर देत नाही, ही चूक). सिस्टमडीमध्ये माझी सर्व्हिस ‘फेल्ड’ दिसते आणि खाली ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ असं येतं. हाताने स्टार्ट केली की लगेच चालते.
ख) लॉगिन होतं, पण पान बदललं की पुन्हा लॉगिन मागतं. डेव्हलपमेंट मोडमध्ये हा त्रास नव्हता.
ग) मोबाइलवरून काढलेला मुखपृष्ठाचा फोटो चढवला की ४१३ (पाठवलेली फाइल फार मोठी, ही चूक).
घ) शोधात ‘दऱ्याखोऱ्या’ टाकलं की काही पुस्तकं सापडतात, काही सापडत नाहीत. यादीत मात्र दोन्ही सारखीच दिसतात.

कर्वेरोड

क. ही वेळेची अडचण आहे. मशीन सुरू होताना तुमचं नोड आधी उठतं, पोस्टग्रेस अजून जोडण्या घेत नसतं, नोड चूक देऊन मरतं. तुम्ही ‘रीस्टार्ट ऑन-फेल्युअर’ दिलं असणार, म्हणून सिस्टमडी त्याला परत उठवतं, पण कधी? न सांगितल्यास १०० मिलिसेकंदांनी. आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की सिस्टमडी हात टेकतं. नोड अर्ध्या सेकंदात पडत असेल तर हे पाचही प्रयत्न तीन सेकंदांत संपतात, आणि पोस्टग्रेस चौथ्या सेकंदाला तयार होतं. ‘आफ्टर पोस्टग्रेसक्यूएल’ लिहून हे पूर्ण सुटत नाही. डेबियन-उबुंटूत ती नुसती छत्रीसारखी सर्व्हिस आहे, खरा डेटाबेस वेगळ्या नावाच्या युनिटमध्ये चालतो.

उपाय एका ओळीचा: रीस्टार्ट-सेक ५. दोन प्रयत्नांत पाच सेकंद गेले की १० सेकंदांत पाच प्रयत्न होतच नाहीत, मर्यादा लागत नाही. फाइल बदलल्यावर डेमन-रीलोड करायला विसरू नका. खरं तर ॲपमध्येच डेटाबेसची जोडणी पुन्हा पुन्हा करून बघणारा कोड हवा, कारण चालू असताना पोस्टग्रेस रीस्टार्ट झालं तरी ॲप मरू नये. तो लिहा, पण आज ही ओळ घाला.

याच युनिट फाइलमध्ये आणखी दोन गोष्टी तपासा. नोड एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामने) बसवलं असेल तर ‘एक्झेक-स्टार्ट’मध्ये त्याचा पूर्ण मार्ग द्या. सिस्टमडी तुमची बॅश-आरसी वाचत नाही, नाहीतर २०३ एक्झेक अशी चूक येते. आणि डेटाबेसच्या पत्त्यात ‘लोकलहोस्ट’ऐवजी १२७.०.०.१ लिहा. नोड १७ पासून लोकलहोस्टचा आयपीव्ही-६ पत्ता आधी येऊ शकतो, आणि समोरचा प्रोग्राम फक्त आयपीव्ही-४ वर ऐकत असेल तर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ मिळतं.

पुढे कधीही ५०२ दिसला की आधी एनजिनएक्सचा एरर लॉग उघडा. ‘१११ कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल तर मागे कोणी ऐकत नाहीये. कोण कुठल्या पोर्टवर ऐकतंय ते एसएस या कमांडला टी, एल, एन, पी हे पर्याय लावून दिसतं. अंदाजाने रीस्टार्ट मारत बसू नका, लॉगमधली एक ओळ अर्धा तास वाचवते.

ख. प्रॉडक्शन मोडमध्ये तुमची सेशन कुकी ‘सिक्युअर’ झाली आहे. ब्राउझर ते क्लाउडफ्लेअर एचटीटीपीएस, पण तुमच्या लॅपटॉपवर टनेल ते एनजिनएक्स आणि एनजिनएक्स ते नोड साधं एचटीटीपी. एक्सप्रेसला वाटतं जोडणी असुरक्षित आहे, म्हणून ते कुकी पाठवतच नाही, आणि चूकही दाखवत नाही. एक्सप्रेसमध्ये ‘ट्रस्ट प्रॉक्सी’ चालू करा. इथेच बरेच जण अडकतात: एवढं करूनही चालत नाही, कारण एनजिनएक्सच्या नेहमीच्या नमुन्यात ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’मध्ये डॉलर-स्कीम लिहिलेलं असतं, आणि एनजिनएक्सपर्यंत आलेली जोडणी एचटीटीपीच असल्याने तो ‘एचटीटीपी’ असंच पुढे सांगतो. तिथे डॉलर-स्कीमऐवजी टनेलकडून आलेलं मूळ हेडरच पुढे द्या: डॉलर-एचटीटीपी-एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो, मध्ये सगळीकडे अंडरस्कोर. मग ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये लॉगिनच्या उत्तरात ‘सेट-कुकी’ दिसलं पाहिजे. दिसलं की काम झालं.

कुकी ‘सिक्युअर’ नसलेली करून हा प्रश्न ‘सोडवू’ नका.

ग. एनजिनएक्स न सांगता १ एमबीच्या वर काही घेत नाही. ‘क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ’ १० एमबी करा, एक्सप्रेसच्या बाजूलाही तेवढीच मर्यादा ठेवा. पण मुखपृष्ठाला चार एमबीचा फोटो लागतो कशाला? ब्राउझरमध्येच कॅनव्हासवर ८०० पिक्सेल रुंदीचा करून पाठवा. साठवण वाचते आणि यादीचं पान मोबाइलवर पटकन उघडतं.

लिपीकार

घ चं उत्तर मी देते, आणि मराठी साइट करणाऱ्या प्रत्येकाने हे सुरुवातीलाच करावं असं मनापासून वाटतं. नंतर डेटा साफ करणं फार जड जातं.

‘दऱ्या’मधला ऱ्य तीन प्रकारे टाइप होऊ शकतो आणि तिन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. एक: ऱ (यू+०९३१), हलन्त, य. दोन: साधा र, हलन्त, मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे (यू+२००डी), आणि य. तीन: र, त्याला नुक्ता, हलन्त, य. कोणता मिळेल हे कीबोर्डवर अवलंबून. यादी भरणाऱ्या दोघांचे कीबोर्ड वेगळे असले की तुमच्यासारखं होतं. डेटाबेस बाइट जुळवतो, आकार नाही.

जावास्क्रिप्टचं नॉर्मलाइझ एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची युनिकोडची पद्धत) देऊन चालवलं की तिसरा प्रकार पहिल्यात बदलतो. दुसरा बदलत नाही, तो हाताने बदलावा लागतो: ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’ दिसलं की तिथे ‘ऱ, हलन्त’. त्यानंतर उरलेले झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (तसंच न दिसणारं, अक्षरं जोडू न देणारं चिन्ह) काढून टाका. क्रम महत्त्वाचा. आधी झेडडब्ल्यूजे काढलात तर ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होऊन बसतं.

ॲटलासमधल्या ॲ चंही तेच. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा (यू+०९७२) २००८ साली ५.१ आवृत्तीत मिळाली. त्याआधीच्या सवयीने अजूनही अ, झेडडब्ल्यूजे आणि चंद्र असं टाइप होतं, कधी मधला झेडडब्ल्यूजे नसतोही. एनएफसी हे एक करत नाही. तेही बदलायच्या यादीत घाला.

हे सगळं एका फंक्शनमध्ये ठेवा. मूळ शीर्षक जसं भरलं तसंच राहू द्या, शेजारी ‘शोध-शीर्षक’ नावाचा वेगळा रकाना करा, आणि त्याच फंक्शनमधून शोधाचा शब्दही काढा. काही हजार पुस्तकांना एसक्यूएलचं साधं लाइक पुरतं, शोधयंत्र बसवायची गरज नाही.

क्रमवारीही बघा. युनिकोडच्या क्रमात ळ हा ल च्या लगेच पुढे येतो आणि क्ष हा क मध्ये मिसळतो. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ ही ह च्या नंतरची. पोस्टग्रेसमध्ये ऑर्डर-बायला ‘एमआर-एक्स-आयसीयू’ हे कोलेशन (क्रमवारीचे नियम) लावा. ब्राउझरमध्ये इंटल-कोलेटरला ‘एमआर’ द्या. शीर्षकाच्या रकान्याला वीस-तीस अक्षरांची मर्यादा घालू नका. ‘क्षि’ हे आपल्याला एक अक्षर, डेटाबेसला चार. टेक्स्ट प्रकार ठेवा. आणि एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये लँग ‘एमआर’ लिहा. ज्या फाँटमध्ये सोय असते तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात, ‘एचआय’ लिहिलं तर हिंदी वळणाचे.

मुठाकाठ

@लिपीकार, हे वेगळा धागा करून चिकटवून ठेवण्यासारखं आहे.

डॉकरचं राहिलं. माझ्या मते आधी हे सगळं एकदा हाताने, डॉकरशिवाय उभं करावं, जसं तुम्ही केलंत. सर्व्हिस म्हणजे काय, पोर्ट कोण धरतं, लॉग कुठे जातात हे कळल्यावर डॉकर आठवड्यात येतं. त्याआधी घेतलं तर ५०२ आला की कोणत्या थरात शोधायचं तेच कळत नाही.

कर्वेरोड

@मुठाकाठ, अर्धं मान्य. ॲप हाताने, पण पोस्टग्रेससारख्या गोष्टी कंटेनरमध्ये लवकर ठेवाव्यात. शिकताना आवृत्त्या बदलून बघता येतात आणि मूळ मशीन खराब होत नाही. ज्याला करायचंय त्याने दोन गोष्टी सांभाळाव्या. ‘५४३२:५४३२’ असं पोर्ट दिलं की डॉकर स्वतःचे नियम यूएफडब्ल्यूच्या (उबुंटूच्या फायरवॉलच्या) आधी घालतं, त्यामुळे यूएफडब्ल्यूमध्ये बंद केलेलं पोर्टही उघडं राहतं. घरात सीजीनॅटमागे ते फक्त घरापुरतं उघडं, पण तीच फाइल उद्या व्हीपीएसवर नेली तर डेटाबेस जगाला उघडा. पुढे १२७.०.०.१ लावून द्यायची सवयच करा. दुसरं, कंटेनरच्या आतला ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो कंटेनरच. शेजारच्या कंटेनरला डॉकर कंपोजच्या फाइलमधल्या त्याच्या नावाने हाक मारायची. आणि लॉगला मर्यादा द्या, जेसन-फाइल प्रकारात न सांगता मर्यादाच नसते, डिस्क भरेपर्यंत फाइल वाढत जाते.

धायरीफाटा

रीस्टार्ट-सेक, एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो आणि एमबीची मर्यादा, तिन्ही लागू पडले. शोधाचं फंक्शन लिहून जुन्या नोंदींवर चालवलं, आता सगळी ‘दऱ्याखोऱ्या’ एकत्र सापडतात. व्हीपीएसबद्दल आणि बॅकअपबद्दल सांगाल का? सभासदांची नावं, मोबाइल नंबर भरायच्या आधी विचारतोय.

रात्रपाळी

बरं झालं आधी विचारलंत. मोबाइल नंबर भरूच नका. पुस्तक कोणाकडे आहे याला सदनिका क्रमांक पुरतो. शिकायच्या मशीनवर लोकांची खाजगी माहिती ठेवायची जबाबदारी घेऊ नये. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही आहे, पण कायदा नसता तरी हेच सांगितलं असतं.

बॅकअप: रोज रात्री पीजी-डंप (डेटाबेसची प्रत काढणारी कमांड), कस्टम फॉरमॅटमध्ये, नावात तारीख, शेवटचे सात ठेवून बाकीचे पुसायचे. पोस्टग्रेस चालू असताना त्याचं डेटा फोल्डर कॉपी करणं म्हणजे बॅकअप नव्हे, ती प्रत उघडेलच याची खात्री नसते. फोटोंचं फोल्डर आणि एन्व्ह फाइल (ॲपचे पासवर्ड वगैरे असलेली) वेगळी घ्यावी लागते, डंपमध्ये ती नसतात. प्रत त्याच लॅपटॉपवर ठेवून उपयोग नाही. रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रामने एन्क्रिप्ट करून बाहेर कुठेतरी पाठवा, आणि त्याचा पासवर्ड लॅपटॉपबाहेर लिहून ठेवा. मग महिन्यातून एकदा नवा रिकामा डेटाबेस करून त्यात पीजी-रीस्टोअर करा आणि पुस्तकांची संख्या मूळ डेटाबेसशी जुळते का बघा. संख्या जुळली तरच बॅकअप आहे म्हणायचं.

व्हीपीएस: शिकायला घरचा लॅपटॉप उत्तम, कारण इथे मशीन पुसून पुन्हा उभं करायला पैसे पडत नाहीत. पण सोसायटीने वही बंद करून याच साइटवर नोंदी ठेवायचं ठरवलं, तर त्या दिवशी साइट व्हीपीएसवर हलवा. तुम्ही गावाला गेलात आणि गुरुवारी लाइट गेली, तर ग्रंथपालाला पुस्तक देता आलं पाहिजे. सगळ्यात लहान, १ जीबी रॅमचा पुरेल, फक्त २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करा आणि रिॲक्टचा बिल्ड तिथे न करता लॅपटॉपवर करून तयार फोल्डर पाठवा. १ जीबीत बिल्ड करायला गेलात तर मेमरी संपून कर्नल ती प्रक्रिया मारतो, आणि पडद्यावर नुसतं ‘किल्ड’ एवढंच येतं.